आपोलेनाचं हसतमुख भांडण

प्शेरोव,
जानेवारीतला एक ओला सोमवार

तीर्थरूप ब्लाझेनाताईच्या पायांशी धाकट्या ओताकारचा दुरूनच वाकून नमस्कार (दुरून अशासाठी, की जवळ आलो की तू कान धरतेस, आणि या वयात कान पूर्वीसारखे राहिलेले नाहीत).

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? आणि खालच्या मजल्यावरचे ते ट्रंपेटवाले गृहस्थ गेले की अजून वाजवताहेत? इकडे आम्ही सगळे बरे आहोत. माझा खोकला आहे, पण तो आता घरचाच झाला आहे.

तू नाताळात फोनवर विचारलंस, की आपली आपोलेना बर्फावर नेमकं करते काय आणि तो लांबडा मुलगा तिला कमरेला धरून का फिरवतो. मी 'खेळ आहे तो' एवढंच म्हणालो आणि फोन बंद पडला (मीच केला). म्हणून आता सविस्तर लिहितो. मागायचं काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माणसाला कधीकधी बहिणीशी बोलावंसं वाटतं, तेवढंच.

माझी ही नात लहानपणापासून स्केट्स घालून उड्या मारायची आणि पडायची. उडी कशीही असो, पडणं ठरलेलं. शेवटी तिच्या शिक्षिका हुबाच्कोवाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजोबा, या मुलीला उड्या जमायच्या नाहीत. पण पडते मात्र अगदी तालात. हिला आइस डान्सला घालू." आइस डान्समध्ये मोठ्या उड्या नसतात. दोघांनी लोणी लावलेल्या पावाच्या दोन तुकड्यांसारखं चिकटून, गाण्याच्या तालावर, एकमेकांच्या डोळ्यांत बघत घसरायचं असतं. ताई, मी सगळी तरुणाई हॉकीत घालवली. बर्फावर कोणी इतका जवळ आला तर त्याचं काय करायचं याबद्दल माझी मतं वेगळी होती. ती मी बोलून दाखवली. कोणी ऐकली नाहीत.

जोडीदार मिळाला तो आमच्या व्होझेनिलेक खाटकाचा क्रिश्तोफ. हा मुलगाही हॉकीचाच, पण निम्मा सामना शिक्षेच्या बाकावर काढायचा, कारण समोरच्याला एकदा धरलं की सोडायचं त्याच्या लक्षातच राहत नसे. हुबाच्कोवाबाई म्हणाल्या, "असाच हवाय मला." व्होझेनिलेकला वाटलं, मीच त्याच्या मुलाला फूस लावली. तेव्हापासून त्याच्या दुकानात मला नुसती चरबी मिळू लागली, तीही कागदात न गुंडाळता.

आपोलेनाची आई इस्पितळात पाळ्या करते आणि बाप मालट्रक घेऊन जर्मनीत असतो, म्हणजे परदेशच्या स्पर्धांना सोबत म्हणून मी. पहिली स्पर्धा रीगाला. आमची जोडी तिथे गेली ती स्वतःच्या कर्तबगारीने नव्हे, आधी निवडलेल्या जोडीला कांजिण्या आल्या म्हणून. माझ्यावर एकच काम होतं, पोशाखांची बॅग सांभाळणं. ती मी इतकी सांभाळली, की सबंध प्रवासात उघडली नाही. रीगाला उघडली, तर आत माझे हॉकीचे गुडघ्याचे पॅड, एक मोजा आणि अर्धं सॉसेज. आपोलेनाचा झगा तिने अंगावर कोटाखालीच घातला होता (तिला माझा अनुभव आहे), पण क्रिश्तोफला घालायला काही नाही. शेवटी माझी, एरवी लोकांच्या अंत्यविधीला घालायची काळी विजार त्याने चढवली आणि बाईंनी ती कमरेला टाचून दिली. नाच बरा चालला होता. मग गिरकीत एक बटण उडालं आणि परीक्षकांच्या टेबलासमोरून घरंगळत गेलं. बर्फावर पोशाखाचा भाग पडला की गुण कापतात, हे मला तेव्हा कळलं. आम्ही शेवटून दुसरे आलो. शेवटच्या जोडीतली मुलगी आजारी पडून आलीच नव्हती.

बाईंनी ते बटण आणून माझ्या हातात ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी मात्र पोरं आपल्या हिमतीवर निवडली गेली. शाळेआधी सराव, शाळेनंतर सराव, आणि क्रिश्तोफ असा वाढला की त्याच्या बाह्या त्याचा पाठलाग करायच्या. ग्दान्स्कला जाताना बसमध्ये घोटाळा झाला. आपोलेनाच्या वाढदिवसाला तिच्या आईने केलेला आलुबुखारांचा केक क्रिश्तोफने ती झोपलेली असताना संपवला. तेही तिने एक वेळ गिळलं असतं. पण वर तो म्हणाला, "जरा कोरडाच होता." तिथून अबोला. ग्दान्स्कला बर्फाच्या कडेला दोघं एकमेकांचे हात धरून उभे, आणि निरोप्या मी.

"आजोबा, त्याला सांगा, माझा हात इतका दाबू नको. मी काही कणीक नाही."

"आजोबा, तिला सांगा, सैल धरलं तर पडते कोण आणि बोलणी खातो कोण?"

"त्याला सांगा, बोलणी तरी खातोय. तीही कोरडीच असतील."

असे ते बर्फावर गेले. संगीत टँगोचं. ताई, मी कुठलाही नाच असा पाहिलेला नाही. ती त्याच्याकडे अशी बघत होती, की आता हा जळून जाईल. तो मान फिरवायचा आणि पुन्हा खेचल्यासारखा तिच्याकडे यायचा. हळुवार भागात तिने ओठ त्याच्या कानापाशी नेले, तेव्हा माझ्या शेजारच्या पोलिश बाईंनी डोळे पुसले. "यांचं लग्न होणार," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, "बाई, ही दोघं घरी धड पोहोचली तरी पुष्कळ." (त्या क्षणी ती कानात काय म्हणाली ते मी नंतर विचारलं. "केकखाऊ डुक्कर" असं म्हणाली. हसतमुखाने.) पाचवा क्रमांक आला. परीक्षकांनी भावनेचे गुण सढळ हाताने दिले होते. हुबाच्कोवाबाईंनी मला कोपऱ्यात घेऊन बजावलं, "या हंगामातल्या स्पर्धा संपेपर्यंत समेट होता कामा नये. तुम्ही मध्ये पडू नका."

मी कशाला पडतो. पण पुढच्या स्पर्धेत, ल्युब्लियानाला, आपोलेना पडली.

तोवर व्होझेनिलेकने मुलाला सांगून ठेवलं होतं, की हे शेवटचं. यानंतर एकतर हॉकी, नाहीतर दुकानाचा गल्ला. क्रिश्तोफने ते कोणाला सांगितलं नाही, आणि अबोला असल्यामुळे आपोलेनाला कळायचा प्रश्नच नव्हता. मला कळलं, कारण नाचाच्या आधी तो स्केट्सच्या नाड्या पुन्हापुन्हा सोडत-बांधत होता आणि मी विचारलं. "आजोबा, तिला सांगू नका," तो म्हणाला, "नाहीतर ती माझ्याशी चांगली वागेल आणि आम्ही हरू."

नाच जवळजवळ संपत आला होता. वेगात वळताना तिच्या स्केटचं पातं बर्फात रुतलं आणि ती गेली. अशा वेळी जोडीदार हात सोडतो, म्हणजे निदान एकजण तरी उभा राहतो. क्रिश्तोफने सोडला नाही. तोही गेला. दोघं हातात हात धरून पाठीवर घसरत थेट कठड्यापर्यंत आली. मी तिथेच होतो. आणि तिने, एवढ्या दिवसांत पहिल्यांदा, थेट त्याला विचारलं, "लागलं का रे?"

"नाही. तुला?"

"ऊठ मग."

उठले. राहिलेला नाच असा केला, की सभागृह टाळ्यांनी तालच धरून बसलं. पडल्याचे गुण गेले ते गेलेच. तरी आमच्या पुढच्या दोन जोड्या आमच्याहून वाईट पडल्या आणि आम्ही तिसरे आलो. कांस्यपदक, ताई. माझे डोळे भरून आले. तिथे थंडी फार होती.

व्होझेनिलेकने हे सगळं दुकानात फोनवर पाहिलं, गिऱ्हाइकांची रांग ताटकळत ठेवून. परतल्यावर मी दुकानात गेलो, तर त्याने न विचारता चांगलं मांस कापलं, कागदात गुंडाळलं, आणि मांस कापायच्या ओंडक्याकडे बघत म्हणाला, "सोडत नाही हात. नाही का?" मी म्हणालो, "नाही सोडत." गल्ल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता मार्चमध्ये दोघं ज्युनियर विश्वस्पर्धेला जाणार. आपल्या घरातलं पोर, ताई. आई असती तर तिने आधी विचारलं असतं, गरम मोजे घातलेस का.

बाकी ठीक. गुडघ्याची काळजी घे.

तुझा आज्ञाधारक (नेहमी नसला तरी),
ओताकार

ता. क. एक सांगायचं राहिलं. आमच्या रिंकचं बर्फ गोठवायचं यंत्र मोडलं असून तिथे सध्या बदकं येतात. हुबाच्कोवाबाईंनी सराव तुमच्या बर्नोला हलवला आहे. तिथे मार्चपर्यंत कुठे राहायचं हे ठरलं नाही, तर विश्वस्पर्धेला दुसरी जोडी जाईल. सहज आठवलं म्हणून लिहिलं. तुझी पियानोची खोली हल्ली रिकामीच असते ना?

ता. क. आपोलेना फार कमी खाते. (क्रिश्तोफबद्दल मी तसं म्हणणार नाही. पण त्याचा बाप मांस पाठवणार आहे.)

ता. क. एक अडचण मात्र आहे. ल्युब्लियानापासून दोघं एकमेकांशी बोलतात. फारच बोलतात. बाई काळजीत आहेत. टँगो पार मिळमिळीत झाला आहे. त्यांच्यात रोज थोडं भांडण लावून देणारं कोणी हवं, आणि आपल्या घराण्यात हे काम तुझ्याइतकं कोणाला येतं?

ता. क. हे पत्र ज्या मुलीने तुझ्या हातात दिलं ती आपोलेना. तिच्या मागे जिन्यावर बॅगांसह उभा आहे तो क्रिश्तोफ. वाचून होईपर्यंत दार लावू नकोस. मी खाली ट्रामच्या थांब्यावर आहे. खिडकीतून हात केलास तर वर येईन, मूठ दाखवलीस तर पुढच्या ट्रामने निघेन. पोरांना मात्र आत घे. मुलीला थंडी सोसत नाही.