खाटेखालचं पातेलं

ओंटारिओ, १० जून

ती. आयनीताईस,
लिनव्हलचा सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलता येत नाही. आमच्या खोलीत आठ खाटा आणि सोळा कान. आपल्या गावचा रूपर्ट ट्रेलॉनीला पोचला असेल. टोमॅटोच्या वेलांपाशी शिडी मोडून पडला, तेव्हा मी शेजारीच होतो. शिडी आधीपासून हलत होती, हे आम्ही मालकाला सांगितलं होतं. डॉक्टरनं विश्रांती सांगितली, मालकानं आठवडाभरात त्याला विमानात बसवलं. आमचा परवाना एकाच मालकाच्या नावाचा. त्याचं काम सुटलं की देशही सुटतो; शेजारच्या शेतावर जायची सोय नाही.

आता हा नियम बदलावा का, ते इथलं सरकार ठरवतंय. जुलैत त्यांची समिती चर्चमध्ये मजुरांचं ऐकणार आहे. शिडी मोडताना पाहिलेला मी एकटाच. पण पुढच्या हंगामाला परत बोलवायची नावं मालकच वाचतो, आणि आजवर माझं नाव पहिलं असतं. काय करू, सांग. माझ्या कॅमिलला यातलं कळू देऊ नकोस. पोरगी शिक्षण सोडायला निघेल.

तुझ्या मायेच्या आधारानं राहणारा,
लिनव्हल

ट्रेलॉनी, २२ जून

चि. लिनव्हल यास अ. आ.

गप्प बस. मोठी बहीण म्हणून सांगते. कॅमिलचं नर्सिंगचं दीड वर्ष उरलंय. आईचं बिडाचं पातेलं तुझ्या खाटेखाली आहे ना? ते तिथंच राहू दे. इथं प्रत्येक घरी पहिला प्रश्न तोच असतो, की माणूस पुढच्या हंगामासाठी भांडं तिथंच ठेवून आला की घेऊन आला. घेऊन आलेल्याच्या बायकोशी दुकानदारसुद्धा हळू आवाजात बोलतो.

शेजारची मिस पर्ल विचारत होती, त्या पातेल्यात तू भात अजून करपवतोस का. मी म्हटलं, वय वाढलं, हात तोच आहे. वेळेवर जेवत जा.

तुझी काळजी वाहणारी,
आयनीताई

ट्रेलॉनी, ६ जुलै

चि. लिनव्हल यास अ. आ.

मागचं पत्र विसर. काल आपल्या कोनफळाच्या वेलांना काठ्या लावायची सावड होती. रूपर्ट आला. गेल्या साली तू त्याच्या रानात एक दिवस राबला होतास, तो फेडायचा म्हणाला. मी त्याला घरी जा म्हटलं, तर माझ्यावरच खेकसला, की पाठ मोडली, शब्द नाही मोडला. एक काठी उचलली आणि तसाच वाकून उभा राहिला. मग दिवसभर चुलीपाशी बसून सगळ्यांसाठी हिरवी केळी सोलली. मान वर केली नाही.

जाताना म्हणाला, लिनव्हलला सांग, माझं नाव घेऊन बोल. मला बोलायला तिथं कोण नेणार?

मी तुला गप्प बस म्हणणार नाही. बोल असंही म्हणवत नाही. तुझं तू ठरव. काहीही झालं तरी तुझा धाकटेपणा माझ्याकडे शाबूत आहे.

आयनीताई

ओंटारिओ, २९ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

जुलैत समितीपुढं मी बोललो, रूपर्टचं नाव घेऊन. टोपी दोन्ही हातांत धरून ठेवली. आम्हाला मालक बदलू द्या, एवढंच मागितलं. तसा परवाना असता तर हलती शिडी नाकारता आली असती, हेही सांगितलं. समितीतली बाई म्हणाली, निर्णयाला वेळ लागेल.

काल नावं वाचली. माझं नव्हतं. पहिलं नव्हतं, शेवटचंही नव्हतं. मालक दुसरीकडे बघत होता.

पातेलं घासून पेटीत ठेवलं. खाटेखाली त्याचा गोल डाग राहिलाय. कॅमिलला तूच सांग, माझ्यानं होणार नाही.

लिनव्हल

ट्रेलॉनी, ११ ऑक्टोबर

चि. लिनव्हल यास अनेक, अनेक आशीर्वाद.

कॅमिलला सांगितलं. ती रडली, मग तुझ्यावर रागावली, मग तुझी खोली झाडायला गेली. तिच्या शिक्षणाचं काय, ते मला अजून दिसत नाही. खोटा धीर देत नाही.

रूपर्ट दोनदा विचारून गेला, त्या बाईनं माझं नाव नीट लिहून घेतलं का. घेतलं, असं मी सांगितलं. घेतलं असेलच ना?

येताना पातेलं हातात धरून, उघड्यावरून, वरच्या रस्त्यानं ये. बघू दे सगळ्यांना. तू आल्यावर तुझ्या रानात कोनफळं काढायची सावड ठेवलीय, आणि येणाऱ्या माणसांना माझं भांडं पुरायचं नाही. चूल रूपर्ट सांभाळणार आहे. भात मात्र तुला लावू देणार नाही म्हणतो.

वाट बघणारी,
तुझी ताई