चिकटपट्टीची जागा

प्रिय दादा,

आज शिलाई मशीन दुरुस्त करता करता तुझा तो लाडका गिटारचा अल्बम मोबाइलवर ऐकला. तिसऱ्या गाण्यात एक लांबलचक तान आहे. बँडवाल्यांसमोर तू तीच गाळलीस. "एवढंही पाठ नाही?" म्हणाले, आणि तू गिटार कायमची माळ्यावर टाकलीस.

तू चुकला नव्हतास, रे. त्याआधी मी चोरून लावलेली तुझी ही कॅसेट टेपरेकॉर्डरमध्ये गुंतली. चुरगळलेला तुकडा कापून मी चिकटपट्टीने जोड दिला आणि गप्प बसलो. तू तेच घोकलंस.

वीस वर्षं सांगेन सांगेन म्हणतोय, आता थकलो. हेही पत्र ड्रॉवरमध्येच जाईल.

खरं सांगू? आज ती तान आली, तेव्हा तो गिटारवालाच चुकतोय असं वाटलं.

तुझा,
धाकटा