क्षमाचं वाण आणि माझं प्रात्यक्षिक

मदन महल, जबलपूर
४ मे

तीर्थरूप विनतावहिनी यांना,

शैलजाचा शिरसाष्टांग नमस्कार. (वाकून केलेला समजावा. प्रत्यक्ष वाकले की उठवायला दोन माणसं लागतात, आणि या क्षणी घरात एकच आहे.)

आपलं पत्र येऊन महिना झाला, उत्तराला उशीर झाला, माफी असावी. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून जीव भांड्यात पडला. थेंब वेळेवर घालत जा, नागपूरच्या उन्हात दुपारी अजिबात बाहेर पडू नका, आणि हे पत्र एका बैठकीत वाचू नका, कारण मला थांबता येईलसं वाटत नाही. अण्णा गेल्यापासून माहेर म्हणून तुम्हीच उरल्यात, तेव्हा पहिलं तुम्हालाच सांगते. वहिनी, तुमची ही नणंद, निवृत्त शिक्षिका, महिला मंडळाची अध्यक्ष, वय वर्षं सदुसष्ट, नशेबाज निघाली! घाबरू नका. दारू नाही, गांजा नाही, गुडघ्याची गोळी. डॉक्टरीणबाई म्हणतात आणखी बारा दिवसांत सुटेल. मी म्हणते, सुटली तर. (हे त्यांच्यासमोर म्हणत नाही, तुम्हाला म्हणते.) फोनच केला असता, पण आमच्या घरी सध्या माझे सगळे फोन स्पीकरवर होतात. का, ते पुढे कळेलच.

सुरुवात झाली संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, क्षमाच्या घरी. तुम्ही जबलपूर सोडल्याला सहा वर्षं झाली, पण वाणाची आपल्या मंडळातली चुरस तुम्हाला ठाऊक आहे. एकीने स्टीलची वाटी दिली की दुसरी झाकणासकट देते. गेल्या साली मी चहाच्या गाळण्या लुटल्या, त्यांतून पत्ती जाते असा प्रचार क्षमाने दोन महिने केला. (एका गाळणीतून जात होती. एका!) यंदा क्षमाची पाळी. तिचे यजमान बापूसाहेब, दारूगोळ्याच्या फॅक्टरीतून रिटायर, यांचं मागच्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन झालं आणि सरकारी दवाखान्यातून त्यांना दुखण्याच्या जोरदार गोळ्या लिहून दिल्या. बापूसाहेब असे की गोळी एक खाल्ली नाही, दुखणं अंगावर काढलं, पण दर महिन्याला रांगेत उभं राहून पाकिटं मात्र आणली. "सरकारी मिळून राहिलं तर सोडायचं काहून?" हे त्यांचं म्हणणं. कपाटात गठ्ठा जमला. आणि क्षमाच्या डोक्यात उजेड पडला.

तिने अठरा जणींना कागदी पिशवीतून तिळगूळ, हरभऱ्याचे घाटे आणि गोळ्यांचं एक एक पान (स्ट्रिप म्हणतात ती) वाण म्हणून दिलं. वर भाषण केलं, "सगळ्या वाट्या-चाळण्याच देऊन राहिल्या, आपल्या गुडघ्यांचं कोणी पाहूनच नाही राहिलं!" टाळ्या पडल्या हो! इतकं उपयोगी वाण मंडळाच्या इतिहासात झालं नाही असं सगळ्यांचं मत पडलं, माझंही. अठरा शिकल्या-सवरलेल्या बायका, त्यांत चार शिक्षिका आणि एक रेल्वेच्या इस्पितळातली माजी नर्स, पण पानामागचं बारीक अक्षर कुणी वाचलं नाही. ते अफूच्या कुळातलं औषध होतं. पण वाणावर हळदीकुंकू लागलं की त्याची चौकशी कोण करतं?

आता खरं सांगते, वहिनी, लाजत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एक गोळी घेतली आणि तासाभरात गुडघा माझा राहिलाच नाही. गुडघ्याचं सोडा, सगळं अंग, मन, घर, सगळं हलकं झालं. पडदे धुतले. माळा उपसला. तिसऱ्या आठवड्यात तर मी मदन महालाच्या टेकडीवर चढून किल्ल्यापर्यंत गेले, जिथे गेली अकरा वर्षं मी फक्त पाहुण्यांना खालून बोट दाखवत होते. आमची सून सलोनी (इथलीच हिंदी घरातली, मराठी सगळं कळतं, बोलते मात्र सणावाराला) म्हणाली, "आई, आपको इतनी एनर्जी आ कहाँ से रही है?" मी म्हटलं, तुझ्या सासऱ्यांच्या प्रेमातून. आमचे हे पेपरातून डोकं वर काढून बघायला लागले. चाळीस वर्षं त्याच फॅक्टरीत इन्स्पेक्शन विभागात काढलेला माणूस, संशय त्यांच्या रक्तात आहे.

पान दहा दिवसांत संपलं. बाकीच्या बायकांनी एखादी गोळी खाल्ली, कुणाला मळमळलं, कुणाला गरगरलं, त्यांनी पानं ठेवून दिली. वाण देणारीला परत करायचं नसतं. पण तिसरीला द्यायला कुठे मनाई आहे? या नियमावर मी पुढचे अडीच महिने जगले. घरोघर जायचं, चहा घ्यायचा, पिशवीतून गाळणी काढायची (मागच्या वर्षीच्या उरलेल्या होत्या), आणि सहज म्हणायचं की तुला ते क्षमाचं वाण सोसत नाही ना, दे इकडे, मी गरजूंना देते. गरजू मीच होते, त्यामुळे खोटं बोलले असं म्हणता येणार नाही. तेरा पानं जमवली. सकाळची एक होती ती सकाळ-संध्याकाळ झाली, मग दोन-दोन. आणि गंमत पाहा, पहिल्या महिन्यानंतर ती हलकी मजा गेलीच होती. पुढे गोळी फक्त बरी राहण्यासाठी लागत होती. उशीर झाला की नाक गळायचं, सलोनीवर खेकसायचे. एकदा तिच्या भाजीत मीठ कमी पडलं म्हणून मी ताटावरून उठले. त्या पोरीने माझं ताट झाकून ठेवलं, ते मला अजून खुपतं.

पानं संपत आली तशी मला युक्ती सुचली. चैत्रातल्या हळदीकुंकवाला अध्यक्ष या नात्याने मी जाहीर केलं की येताना प्रत्येकीने घरातली नको असलेली औषधं आणावीत, मंडळातर्फे 'औषध-स्वच्छता अभियान'. पन्हं, आंब्याची डाळ आणि कोपऱ्यात मोठं टोपलं. वहिनी, काय काय आलं त्या टोपल्यात! मुदत संपलेले डोळ्यांचे थेंब, पित्ताच्या गोळ्या, कुत्र्याच्या जंताचं औषध, कुणाच्या तरी सासूबाईंचं अर्धं च्यवनप्राश. मला हवं ते एकही पान नाही. सगळ्या गेल्यावर मी ते टोपलं दोनदा उपसलं, जमिनीवर फतकल मारून. सलोनी दारात उभी राहून बघत होती. तिला म्हटलं, वर्गवारी करते आहे.

आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी अकराला मंडळाच्या सभागृहात व्याख्यान! विषय 'नशामुक्ती', वक्त्या डॉक्टर प्रणोती, अध्यक्ष मी. माझ्याकडे गोळी शून्य, आदल्या सकाळपासून. तरी प्रास्ताविक झोडलं. आजची पिढी, स्मॅक, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या, संस्कारांचा अभाव, काही म्हणता काही सोडलं नाही. मग त्या पोरसवदा डॉक्टरीणबाई उठल्या आणि सांगायला लागल्या की सवयीचं औषध बंद झालं की शरीर काय काय करतं. म्हणाल्या, जांभया येतात. मला आली, जबडा निखळेल अशी. म्हणाल्या, नाका-डोळ्यांतून पाणी येतं. मी पदर लावला. म्हणाल्या, दरदरून घाम येतो, अंगावर काटा येतो. पंख्याखाली माझा ब्लाउज ओला आणि हातावर काटा असा की पहिल्या रांगेतून दिसावा. म्हणाल्या, पाय एका जागी ठरत नाहीत. टेबल हलायला लागलं, फुलदाणी चालत चालत कडेला आली आणि पडली. आणि सभागृहाने टाळ्यांचा कडकडाट केला!

त्यांना वाटलं प्रात्यक्षिक आहे! गणपतीत वीस वर्षं मी नाटकं बसवली, त्यामुळे कुणाला शंकाच आली नाही. क्षमा तर उभी राहून टाळ्या वाजवत होती, "शैलजाताईंचा अभिनय अजून तस्साच!" आणि वहिनी, मी काय करावं? मी उठून नमस्कार केला.

टाळी वाजवली नाही ती फक्त डॉक्टरीणबाईंनी. सभागृहामागच्या स्वयंपाकघरात त्यांनी माझा हात धरला, डोळ्यांत पाहिलं आणि हळूच विचारलं, "काकू, कोणती गोळी?" तब्येत बरी नाही का, असं नाही विचारलं. कोणती गोळी, एवढंच. मी चहाच्या भांड्यांमध्ये उभी राहून रडले. अण्णा गेले तेव्हा रडले नव्हते इतकी.

आता उपचार चालू आहेत. एकदम बंद करायची नाही, डॉक्टरीणबाईंनी रीतसर लिहून दिलं आहे त्याप्रमाणे उतरवत आणायची. सध्या सकाळी अर्धी, संध्याकाळी अर्धी. गोळ्या यांच्या कपाटात, किल्ली यांच्या जानव्याला. गोळी दिली की हे टॉर्च घेऊन उभे राहतात. "जीभ वर कर. डावीकडे. पास." चाळीस वर्षं तोफगोळे असेच तपासले असतील. (पहिल्या आठवड्यात मी एक अर्धी गालात दाबून ठेवली होती. पकडली गेले. फोन स्पीकरवर गेला तो त्यामुळे.) सलोनी संध्याकाळी माझे पाय चेपते. भाजीबद्दल मी माफी मागितली तर म्हणाली, "चलो आई, झालं ना आता," चक्क मराठीत, आणि सणही नव्हता.

पण खरी बातमी पुढेच! माझ्या प्रात्यक्षिकाची कीर्ती रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत पोचली. तिथे पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्याच्या मालकांनी निरोप धाडला की आमच्या कामगारांसमोर त्याच बाईंचा तोच कार्यक्रम व्हावा. अख्खं मंडळ हरखलं, टेम्पो ट्रॅव्हलर ठरली. गेल्या रविवारी गेलो, डॉक्टरीणबाईंनाही बरोबर घेऊन. दीडशे माणसं, माईक, सत्काराचा नारळ. आणि मी उभी राहिले तर काय, जांभई येईना! अर्ध्या-अर्ध्या गोळीवर शरीर शहाण्यासारखं वागत होतं. घाम नाही, काटा नाही. क्षमा खालून खुणा करून राहिली होती, पाय हलव म्हणून. मी सत्काराचा नारळ टेबलावर ठेवला. मग म्हटलं, भैया, दीदी, मी त्या दिवशी नाटक केलं नव्हतं. आणि सगळं सांगितलं, वाणापासून टॉर्चपर्यंत, माझ्या मोडक्या हिंदीत.

कुणी हसलं नाही. मागून एक बाई उठली, "दीदी, पत्ता कैसा था? हमारे यहाँ भी रखा है, कमर का।" (पत्ता म्हणजे इथे गोळ्यांचं पान.) मग दुसरी उठली. मग एक वेल्डर. डॉक्टरीणबाई त्यांच्यात जाऊन बसल्या त्या दोन तास उठल्या नाहीत. टाळ्या एकही नाही, पण वहिनी, मला आयुष्यात इतकं मोठं काही केल्यासारखं वाटलं नव्हतं! क्षमा परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर बघत बसली होती. मग मदन महल स्टेशनजवळ एकदम म्हणाली की वाणाचं नाव चारचौघांत घ्यायला नको होतं. मग थोड्या वेळाने म्हणाली, अजून नऊ पानं कपाटात आहेत, उद्या डॉक्टरला नेऊन देते. आणि दिलीही. बापूसाहेब तिच्याबरोबर गेले, रांगेत उभे राहायची त्यांना सवय आहे.

मुलांना आशीर्वाद. उत्तर लवकर पाठवा.

आपली,
शैलजा

ता. क. एक काम होतं. क्षमाने संक्रांतीला तुमचंही वाण नागपूरला येणाऱ्या मंडळींबरोबर पाठवलं होतं, तिळगुळाच्या डब्यात. तुम्ही गोळी खाणाऱ्यांतल्या नाही, ते पान तसंच पडलं असेल. साध्या पाकिटातून पाठवून द्यावं. माझ्या नावाने, खासगी असं लिहून. गुडघा खरंच दुखतो हो.

ता. क. २. पाठवू नका. ते पान आजच्या आज तुमच्या औषधवाल्याकडे द्या आणि मला कळवू नका कुठे दिलं. मी फोन केला, दुसऱ्याच्या फोनवरून केला, गुडघा मोडला म्हटलं, अण्णांची शपथ घातली, तरी पाठवू नका.

ता. क. ३. पहिला ता. क. खोडून टाकणार होते. पण खोडला असता तर मी तो लिहिला होता हे तुम्हाला कळलं नसतं, आणि घरात कुणाला तरी ते कळायला हवं. हे बाहेरून आले की त्यांनाही वाचायला देणार आहे. पाकीट तेच चिकटवतील.