‘अजून’ला इंग्रजीत दोन शब्द

३ मार्च, सोमवार

मालकांच्या डोक्यात नवं खूळ— दुरुस्तीच्या चिठ्ठ्या इंग्रजीतच लिहायच्या. तेवीस वर्षं घड्याळं उघडतोय, आजवर एकाही घड्याळाने मला इंग्रजी विचारलं नाही. असो.

वाचनालयातल्या बाई भिंतीवरचं घड्याळ घेऊन आल्या. लंबकाचं, टोले देणारं, त्यांच्या वडिलांचं. “एकाएकी बंद पडलं हो. घरात मी एकटी, बोलणारं तेवढंच होतं.” त्या गेल्यावर उघडलं. बिघाड कसला? लंबकामागे कागदाची घडी अडकलेली. कोरा कागद. काढला— चालू. दोन मिनिटांचं काम. उद्या कळवायला हवं.

४ मार्च

कळवलं नाही.

६ मार्च

शिकवणी सुरू. मास्तरीण म्हणजे ताईची मुलगी, नववीतली, जीभ कात्रीसारखी. म्हणे, आपल्या ‘अजून’ला इंग्रजीत दोन शब्द— स्टिल आणि येट. उदाहरणं तयारच होती: ‘मामा इज स्टिल अनमॅरिड.’ ‘मामा इज नॉट मॅरिड येट.’

म्हटलं, फरक काय पडला?

“पहिल्यात आई वैतागलीये. दुसऱ्यात तिला आशा आहे.”

“दोन्ही खरं,” स्वयंपाकघरातून ताई. हिचे कान तरी किती तिखट!

१० मार्च, सोमवार

वाचनालयाला सुट्टी, बाई हजर. मी ऐटीत चिठ्ठी लिहून दिली— ‘क्लॉक इज स्टिल.’ म्हणजे अजून आमच्याकडेच आहे. बाई हसू दाबत म्हणाल्या, “बंद आहे, हे मलाही माहीत आहे.”

घरी भाचीची हसून मुरकुंडी. स्टिल म्हणजे अजून चालू, आणि स्टिल म्हणजे निश्चल, ठप्प! एकाच शब्दात चालू आणि बंद. या भाषेत घड्याळजीने जगायचं कसं?

पण बाई हसताना चष्मा काढून हातात घेतात, हे आज कळलं. आणखी चार चुका करायला माझी हरकत नाही.

१७ मार्च, सोमवार

या वेळी बिनचूक लिहिलं— ‘नॉट रेडी येट.’ चिठ्ठी त्यांच्या हातात दिली आणि आतल्या खोलीत त्यांच्याच घड्याळाने टोले द्यायला सुरुवात केली. अकरा. आम्ही दोघं मोजत उभे.

“हे कुणाचं हो?”

“दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं.”

“आवाज अगदी आमच्यासारखा आहे.”

म्हणालो, टोल्यांचे आवाज सगळे सारखेच. घड्याळजीने जन्मात बोलू नये असं वाक्य! त्यांनी चिठ्ठीची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

सत्तेचाळिसाव्या वर्षी खोटं बोललो, लाज वाटते. पण घड्याळ घरी गेलं की त्या इथे कशाला येतील? आणि माझ्याशी लग्न कराल का, हे विचारायला तोंड उघडत नाही. इतरांची घड्याळं तेवढी उघडता येतात.

२२ मार्च

सोमवारी विचारायचंच. काय वाटेल ते होवो.

२४ मार्च, सोमवार

सगळंच मुसळ केरात. मी सुटे भाग आणायला बाहेर, तेवढ्यात बाई आल्या आणि मालकांनी घड्याळ देऊन टाकलं. परतलो तर माझीच झाडाझडती— “चालू घड्याळ तीन आठवडे कोंडून कशाला ठेवलंस रे?” हे म्हणे बाईंसमोरही बोलले. त्यांनी पैसे दिले, गेल्या.

आता कोणत्या तोंडाने वाचनालयात जाऊ? रात्री जेवलो नाही. भाची म्हणाली, “मामा, नाऊ यू आर स्टिल.” कोणत्या अर्थाने, ते विचारलं नाही.

२८ मार्च

वाचनालयासमोरून दोनदा गेलो. आत शिरलो नाही.

३१ मार्च, सोमवार

दुकानात पोचलो तर माझ्या टेबलावर तेच घड्याळ. मालक म्हणाले, बाई सकाळीच ठेवून गेल्या, पुन्हा बंद पडलंय.

उघडलं. लंबकामागे कागदाची घडी. या वेळी कोरी नाही— माझीच चिठ्ठी. ‘नॉट रेडी येट’, आणि त्यापुढे निळ्या शाईत एक प्रश्नचिन्ह.

म्हणजे तो पहिला कागदही—!

घड्याळ पोचवायला मीच निघालोय.