पप्पांनी दुकानातून आणलेली वाक्यं

ओतूर, २० जून २००२

प्रिय रिद्धीताई,

गॅसवर दूध असेल तर आधी तो बंद कर आणि मगच बस, कारण हे पत्र लांबणार आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण फोन दुकानात, दुकानात पप्पा, आणि पप्पांपुढे यातलं अर्धंही बोलता येणार नाही. दहावीचा निकाल तुला कळलाच आहे. मी पास झाले, गणितातसुद्धा, त्याबद्दल मम्मीने दोन देवळांत नारळ ठेवले. पण खरी बातमी ती नाहीच. अख्ख्या शाळेत मराठीत पहिली कोण आली, सांग बघू? संस्कृती! डिंगोऱ्याची, माझ्या बाकावरची. दिवाळीत तू आली होतीस तेव्हा ती आपल्याकडे आली होती बघ, उंच, दोन वेण्यांची. तू गच्चीत लोकर विणत बसली होतीस आणि तिने तुला विचारलं होतं, एवढं छोटं कुणाला बसणार. त्यानंतर इथे काय काय झालं ते तुला मी काहीच कळवलं नाही. तुझ्या त्या दिवसांत तुला काळजी नको म्हणून कळवायचं नाही असं मम्मीने बजावलं होतं. आज मी ते सगळं सांगून टाकणार आहे.

दिवाळीनंतर डिंगोऱ्याच्या बाजूला बिबट्या फिरायला लागला. तिकडे सगळे त्याला वाघच म्हणतात. संस्कृतीचं घर गावात नाही, उसाच्या मळ्यात आहे. शाळा सुटून एसटीने फाट्यावर उतरेपर्यंत अंधारून यायचं, आणि पुढची वाट दोन्ही बाजूंनी डोक्यावर गेलेल्या उसातून. एक दिवस शेजारच्या वस्तीवरचं वासरू गेलं. दुसऱ्या दिवशी तिचे वडील, गोरखभाऊ, आपल्या दुकानात आले ते शाळेतून नाव काढून आल्यासारखा चेहरा करून. म्हणाले, "शेठ, शाळा गेली खड्ड्यात. मला पोरगी पायजे." दहावीचं वर्ष, ताई! मी मागच्या खोलीत कापडाच्या घड्या घालत होते, तशीच बाहेर आले आणि मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातलं. "आमच्याकडे राहू दे ना तिला. शनिवारी घरी जाईल." पप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता काही खरं नाही. पण मग ते गोरखभाऊंकडे वळले आणि म्हणाले, "माझी एक सासरी गेलीय. तिची गादी रिकामीच आहे."

अशी ती आपल्याकडे राहायला आली, तुझ्या गादीवर. पहिले दिवस फार अवघड गेले. आपलं जेवण सूर्य मावळायच्या आत, त्यात कांदा नाही, लसूण नाही. ती बिचारी शिकवल्यासारखी "पोट भरलं" म्हणायची आणि शनिवारी घरी गेली की तिची आई म्हणे एकामागून एक कांदे फोडून ताटात टाकायची. जेवणं लवकर आटोपल्यामुळे संध्याकाळ संपता संपायची नाही. त्यात लाइट जायची. टीव्ही बंद, बाहेर जायला बंदी, कारण ओतुरातसुद्धा लोक अंधार पडला की दारं लावून घेत होते. आपला धाकटा पिंटू तर घरात कोंडलेल्या मांजरासारखा सगळ्यांना बोचकारत हिंडायचा.

मग एकदा जेवताना पप्पांनी सहज सांगितलं की आज एक पाहुणा आला होता, निरगुडसरचा. त्याने साड्यांचा ढीग उपसायला लावला आणि म्हणाला, "ह्यातली आशी द्या, जी तिला अजिबात आवडणार न्हाई." आम्ही हसलो. संस्कृती मात्र ताटावरून मान वर करून म्हणाली, "मग? घेतली का?" पप्पा म्हणाले, घेतली, जांभळी. "पर कुणासाठी?" ते पप्पांना कुठलं ठाऊक! तेव्हा मम्मी म्हणाली, "तुम्हीच लिहा कुणासाठी ते. लाइट येईपर्यंत बसा लिहीत." आपली मम्मी, ताई! जी आपल्याला आयुष्यभर अभ्यासाशिवाय दुसरं काही लिहू देत नव्हती! आम्ही कंदिलाभोवती बसलो. पिंटूने लिहिलं की ती साडी वेष बदलून चोराला पकडणाऱ्या इन्स्पेक्टरसाठी होती, आणि पानाच्या शेवटी सगळे मेले. मी लिहिलं, सासूसाठी. ते वाचून मम्मीने नुसतं "हं" म्हटलं. आणि संस्कृतीने लिहिलं की त्याची बायको रुसून माहेरी गेलीय. चांगली साडी पाठवली तर ठेवून घेईल आणि गप्प बसेल. न आवडणारी पाठवली तर निदान भांडायला तरी परत येईल.

पप्पांचा घास हातातच राहिला असता, पण जेवण कधीच झालं होतं. दुसऱ्या दिवशी पप्पा दुकानातून आले ते चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "आज एक वाक्य आणलंय." त्यानंतर ते रोजच आणायला लागले. विसरू नये म्हणून शर्टाच्या खोक्याच्या झाकणावर लिहून ठेवायचे. एकदा एका बाईंसाठी कापड कापता कापता थांबले आणि म्हणाले, पुन्हा म्हणा बरं ते. बाई घाबरल्या! मम्मीने नियम घातले: सगळ्यांचं वाचून होईपर्यंत कुणी कुणाला हसायचं नाही, "आणि तो जागा झाला" असा शेवट करायचा नाही, आणि पिंटूने एका गोष्टीत एकच माणूस मारायचा. आम्ही कधी एकाच वाक्याच्या तीन गोष्टी करायचो, कधी एकीने सुरुवात करायची आणि वही पुढे सरकवायची. संध्याकाळ कधी व्हायची याची मी शाळेत वाट बघायला लागले. आम्ही अभ्यास केला नाही असं समजू नकोस. अभ्यास झाल्याशिवाय वाक्य मिळत नसे, म्हणून तर माझं गणित सुटलं.

संस्कृती बोलते तसंच लिहायची, "व्हतं", "न्हाई", "लई". मी तिला म्हटलं, गोष्टीत असं चालत नाही. तिने मुकाट्याने सगळं शुद्ध करून आणलं आणि वाचायला लागली, तर त्यातला तिचा आजा एकदम आपल्या शाळेतल्या शिक्षकांसारखा बोलायला लागला. मम्मीने तिला मध्येच थांबवलं. म्हणाली, "पहिलं वाच." तेव्हापासून मी तिच्या लिखाणाला हात लावला नाही.

मग फेब्रुवारीत बाळ गेल्याचं कळलं आणि मम्मी पुण्याला तुझ्याकडे आली. इथे स्वयंपाक आम्ही दोघी करायचो, पप्पांनी दुकानातून वाक्यं आणणं बंद केलं होतं. मला तेव्हा तुला खूप लिहावंसं वाटायचं, पण काय लिहिणार? कागद घ्यायची आणि "प्रिय ताई"च्या पुढे हात चालायचा नाही. त्याच आठवड्यात गोरखभाऊ आले, संस्कृतीला कायमचं न्यायला. सोबत तिचे आजोबा, चांगदेवबाबा, ज्यांना बांधावर खरंच वाघ आडवा आला होता. वाघ पिंजऱ्यात सापडला होता. शिवाय पिंटूने बाजारात कुणाला तरी फुशारकीने सांगितलं होतं की आम्ही रोज गोष्टी लिहितो, आणि ते डिंगोऱ्यापर्यंत गेलं होतं. गोरखभाऊ म्हणाले, "परीक्षा तोंडावर आलीय आन् ही दुसऱ्याच्या घरी बसून गोष्टी लिवतीय. लोक हसत्यात मला." संस्कृती आत पिशवी भरायला लागली. रडत नव्हती, नुसत्या घड्या घालत होती. त्या मला बघवेनात.

आणि पप्पा, ताई, ज्यांनी आठवडाभर एकही वाक्य आणलं नव्हतं, ते म्हणाले, "गोरखभाऊ, न्या पोरगी. पण आधी एक गोष्ट ऐका, मग न्या." त्यांनीच तिला बाहेर बोलावलं. ती उभ्यानेच वाचायला लागली. गोष्ट अशी होती की एक म्हातारा बांधावरून चाललाय आणि समोर वाघ. म्हातारा त्याला म्हणतो, "आरं, मी हितं जन्मापासून चालतोय, तू कालचा. सरक बाजूला. माझं गुडघं वळत न्हाईत." चांगदेवबाबांनी कान टवकारले. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "मी आसं म्हणलो न्हाई. माझी बोलतीच बंद झालती. पर म्हणायला पायजे व्हतं, राव!" आणि टोपी काढून इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण गोरखभाऊ हसत नव्हते. कारण गोष्टीत त्या म्हाताऱ्याचा मुलगाही होता. कशालाच न भिणारा. रोज संध्याकाळी बस यायच्या कितीतरी आधी तो बॅटरी घेऊन फाट्यावर येऊन थांबायचा, आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, खताची गाडी यायचीय. मुलगी उतरली की तिच्याशी एक शब्द न बोलता पुढे चालायचा, आणि बॅटरीचा उजेड मात्र मागे, तिच्या पायांवर धरायचा. एवढं वाचून संस्कृती थांबली. गोरखभाऊ म्हणाले, "खताची गाडी नव्हती, हे तुला कवा कळलं?" ती म्हणाली, "पयल्याच दिशी. आपल्याकडं खत आलंच न्हाई, दादा." ते उठले, पिशवी उचलली, आणि मला वाटलं संपलं सगळं. पण त्यांनी ती आतल्या खोलीत नेऊन तुझ्या गादीवर ठेवली. "परीक्षा झाल्यावर येतो," म्हणाले, आणि चहा न घेताच गेले.

काल ते पुन्हा आले, पेढे घेऊन. संस्कृतीला पुण्यात कॉलेजात जायचंय, मराठी शिकायचंय, आणि ते चक्क तयार आहेत! पण हॉस्टेलवर ठेवणार नाहीत. म्हणाले, "शेठ, तुमच्या घरासारखं घर पुण्यात आसंल तर सांगा. नायतर इथंच बरी." पप्पा बघू म्हणाले. मी तोंड उघडलं तर मम्मीने डोळ्यांनीच मला गप्प केलं. ताई, इथे कुणीही तुला हे विचारणार नाही, म्हणून मी विचारते आहे. मम्मीने मला सांगितलंय की तुमची ती बाळाची खोली अजून तशीच बंद आहे, आणि जीजू दुपारी जेवायला येतात तेव्हा घरात फक्त पंख्याचा आवाज असतो. त्या खोलीत दुसरं कुणी राहावं असं तुला वाटत नसेल, तर हे पत्र फाडून टाक, मी कधी विषय काढणार नाही. मी लिहितेय हे संस्कृतीला ठाऊक नाही. ती खोली उघडलीस, तर मात्र आधीच सांगते: ती झोपेत बोलते, तिला कांदा लागतो, आणि दिवसभर कोण काय म्हणालं ते संध्याकाळी तुला ऐकून घ्यावंच लागेल. आणि ती हसते फार मोठ्याने, ताई. जिन्यापर्यंत ऐकू येतं.

दुकानातला फोन वाजला की आधी उचलायला धावणारी
तुझीच,
रीना