आगाऊ दहा वर्षं

अक्का, गिरजा प्लेगात जन्मली हे ज्ञानदेवाला सांगायचं तुझं काय अडलं होतं? सांगायचंच होतं तर कुठल्या प्लेगात तेही सांगायचंस. आपल्या गावात प्लेग काय एकदाच आला होता?

असो. थोरल्या कस्तुराअक्काला धाकट्या गिरजाचा आकुर्डीहून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? (दुखतच असतील.) मी इकडे सुखात आहे, आणि तेच मला खटकतंय.

महिना झाला, सूनबाई कौशल्या बंबातलं पहिलं पाणी मला देते. लसूण सोलू देत नाही. ज्ञानदेव शिफ्टवरून आला की माझ्यापाशी बसतो आणि पाय चेपू का विचारतो. पन्नाशीला आलेल्या ज्या पोरानं मला कधी तांब्याभर पाणी दिलं नाही, तो पाय धरतो म्हणजे काहीतरी शिजतंय. वाटलं, निगडीकडच्या जमिनीच्या उरलेल्या तुकड्यासाठी सही हवी असणार. म्हणून बोट कापलं सांगून उजव्या हाताला चिंधी गुंडाळून बसले. तर कौशल्या घास भरवायला लागली. चार दिवस भरवलं, आणि माझा संशय दुप्पट झाला (आमटीसुद्धा सुधारली होती).

शेवटी चिंधी सोडली आणि विचारलं, ‘बाई, तुला माझ्याकडून हवंय तरी काय?’ म्हणाली, ‘काय न्हाई, आत्या. तुमी नुसतं पाटावर बसायचं. आमी एक्क्याऐंशी दिवे लावनार हाय.’ कंपनीतल्या साहेबानं आपल्या आईला हजार पुनवा पाहिल्याबद्दल ओवाळलं, ते ज्ञानदेव बघून आला, आणि पहिल्या प्लेगापासून बोटं मोजली. मी दुसऱ्या प्लेगातली, एकाहत्तरची, हे तुझ्यामाझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही.

पण अक्का, म्हातारपण मला मानवलंय. एकाहत्तरीला मी तोंडाळ होते. एक्क्याऐंशीला तेच बोलते, तर शेजारची यशोदाबाई मान डोलावून ऐकते. देवाचे उपकार मानायला बसले होते, पण हे त्यानं इतकी वर्षं कुणासाठी दडवून ठेवलं होतं, तेही कळायला हवं.

तुझी,
गिरजा

ता. क. रविवारी ज्ञानदेव माझं साल पक्कं करायला चऱ्होलीला येतोय. पहिला प्लेग सांग. नाहीतर सोमवारी लसूण माझ्यापुढे येईल. तू सहा वर्षांनी थोरली, म्हणजे सत्त्याऐंशीची होशील. बहिणीसाठी एवढं सोस.

आणखी एक. उत्तरात नुसतं ‘बरं’ लिही. ते तूच लिहायचंस. पण तुझी सून म्हणाली, ‘द्या मी लिहिते, तुमी बसा,’ तर तिलाच लिहू दे, आणि तू गुमान बसून राहा.