तात्यांच्या गाडीचं जेट

औरंगाबाद, १ फेब्रुवारी २००४

ती. कालिंदीताईस,

वैजनाथचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? पिशोरची थंडी ओसरली असेल. भावजींच्या खोकल्याची चौकशी केली म्हणून सांग (विड्या सोडा असंही सांग, पण माझं नाव न घेता). इकडे सर्व ठीक आहे, असं लिहिणार होतो. पण खोटं लिहायचं नाही हे तात्यांनीच शिकवलं, आणि नेमकी तिथंच गाडी अडली आहे.

पंधरा तारखेला हर्सूलच्या वाचनालयाला तात्यांचं नाव द्यायचं ठरलंय, हे तुला ठाऊक आहे. पुरवठा खात्यातला हा सचोटीचा इन्स्पेक्टर ज्या मोटरसायकलवरून धाडी घालत हिंडला, तिच्यावरूनच मुलानं समारंभाला यावं अशी समितीची हौस. म्हणून महिनाभर मी त्या अडुसष्ट सालच्या धुडाशी झटतोय. सुरू व्हायची, पण धूर असा की शेजारच्या वच्छलाबाईंचे पापड दोनदा काळवंडले. (दोनदा माफी मागितली. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "सर, माफी नका मागू, गाडी विका.") कार्बोरेटर उघडला. आतलं जेट, म्हणजे ज्याच्या भोकातून पेट्रोल पुढं जातं तो पितळी तुकडा, त्यावर आकडा ९२. पुस्तकातही ९२च. आकडा बरोबर म्हटल्यावर मी बाकी सगळ्यांवर संशय घेतला: प्लगवर, हवेच्या स्क्रूवर, पेट्रोल पंपावर, शेवटी स्वतःच्या फिजिक्सच्या पदवीवर. स्क्रूचा एकेक पाव पीळ रोजनिशीत टिपला. सतरा पानं भरली. अखेर वैतागून नवं ९२ आणून बसवलं, तर धूर गायब!

दोन्ही जेट आणि गाडी घेऊन वाळूजला सांडू मिस्त्रीकडं गेलो. त्यानं जुनं जेट उजेडाला धरलं, मग नवं, आणि हसायला लागला. "सर, आकडा कंपनीचा, भोक घरचं! कोरून मोठं केलंय." मग इंजिनाचं हेड खोललं, तर खाली एकाच्या जागी दोन पॅकिंगं. "दाब कमी कराया दोन घातल्यात. हे रॉकेल मिसळून चालवायचं काम हाय. त्र्याहत्तर-चौऱ्याहत्तरला पेट्रोल भडकलं तवा लई जण करायचे. पर असला सफाईचा हात नाय पाहिला. कोन होता मिस्त्री?" आठवत नाही, असं मी सांगितलं. (हे खोटं रोजनिशीत नोंदलं आहे.) तात्या शिवणाच्या सुईनं त्या तुकड्यात कोरत बसायचे. मला वाटायचं, साफ करताहेत.

ताई, चार लिटर रॉकेलच्या भेसळीवरून तात्यांनी मनकर्णाबाईंचं रेशन दुकान बंद पाडलं, ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो. मग गाडीतलं रॉकेल कुठलं? जप्तीचं म्हणावं तर तात्या चोर ठरतात. आपल्या कार्डावरचं म्हणावं, तर दर महिन्याच्या दहा तारखेला "रॉकेल संपलं गं बाई" म्हणत आई ओल्या लाकडांवर फुंकर घालत डोळे पुसायची, ते काय होतं? दोन्ही बाजू कागदावर मांडल्या. आईच्या स्टोव्हातलं काढण्यापेक्षा तात्या जप्तीच्या मालाचे चोर निघाले तर बरं, असं मला वाटतं, आणि तसं वाटण्याची लाज वाटते. गाडी मात्र आता छान चालते. तीच पंचाईत आहे.

भावजींना नमस्कार.

तुझा धाकटा,
वैजनाथ

ता. क. वाचनालयाच्या संगमरवरी पाटीवर 'निष्कलंक' असा शब्द कोरणार आहेत. कारागीर नऊ तारखेला बसेल. तू थोरली आहेस. समितीला फोन करून तो शब्द काढायला सांग. कारण विचारलं तर जागा पुरत नाही म्हण.

ता. क. २. समितीनं नुसतं 'सेवाभावी' लिहिलं होतं. 'निष्कलंक'साठी तासभर भांडलो तो मीच.